गव्हर्नर फिलिप आणि एक स्मृतिशिला

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या विख्यात प्रार्थनामंदिरात २०१४ साली आर्थर फिलिपच्या नावाची स्मृतिशिला बसवण्यात आली. आधुनिक ऑस्ट्रेलियाचा संस्थापक म्हणून त्याचा हा गौरव. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मात्र त्या शिळेवर न मावलेला फिलिप अधिक विचार करायला लावतो.

१७३८ साली लंडनमध्ये जन्मलेला हा मुलगा खलाशांच्या मुलांसाठी असलेल्या ग्रीनिचच्या शाळेत शिकला आणि ब्रिटिश आरमारात चढत गेला. १७८७ च्या मे महिन्यात, सातशेहून अधिक कैदी घेऊन, ११ जहाजांनिशी तो निघाला. २६ जानेवारी १७८८ रोजी सिडनीच्या किनाऱ्यावर वसाहत उभी राहिली. पुढे अन्नटंचाई आली, तेव्हा गव्हर्नरने स्वतःचे पीठही सार्वजनिक कोठारात जमा केले.

पण ती भूमी इओरा लोकांची होती, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांची भाषा कळावी म्हणून फिलिपने १७८९ मध्ये बेनेलाँग या तरुणाला चक्क पकडून आणवले. सप्टेंबर १७९० मध्ये मॅनली येथे भाला फिलिपच्या खांद्यातून आरपार गेला; तरी त्याने सूड घेऊ दिला नाही. त्याच डिसेंबरमध्ये त्याचा शिकारी भाल्याने घायाळ झाला, तेव्हा मात्र त्याने सहा माणसे पकडण्याचा, न सापडल्यास ठार करण्याचा हुकूम सोडला. सैनिक रिकाम्या हाताने परतले.

१८१४ साली फिलिप बाथ येथे वारला. तो दुष्ट नव्हता. म्हणूनच मला वाटते, त्याचे चरित्र आपण वाचावे. दुसऱ्याच्या भूमीवर राज्य करू लागल्यावर भल्या माणसाच्या हातूनही असा हुकूम सुटतो.