दुर्गमाचे दार उघडणारे व्हेरियर एल्विन

बैहर आणि परसवाडा भागातील मैकलच्या डोंगररांगा नकाशावर आपल्याला निकट असल्या, तरी तेथील बैगांचे जीवन सुशिक्षितांना दीर्घकाळ अपरिचितच राहिले. हा परिचय घडवून देणाऱ्यांत व्हेरियर एल्विन यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधील डोव्हर येथे झाला. वडील बिशप होते. ऑक्सफर्डचे उच्च शिक्षण संपवून ते १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. तेथे गांधीजींच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव पडला आणि शामराव हिवाळे या मराठी तरुणाशी आजन्म मैत्री जडली. जमनालाल बजाज यांच्या सूचनेस अनुसरून १९३२ च्या आरंभी हे दोघे मंडला जिल्ह्यातील करंजिया या खेड्यात राहावयास गेले. शाळा, दवाखाना आणि कुष्ठरोग्यांची शुश्रूषा हे कार्य त्यांनी आरंभिले. धर्मप्रसार मात्र त्यांनी केला नाही. पुढे तर एल्विन यांनी चर्चशी असलेले नातेही तोडले.

१९३९ साली त्यांचा बैगांवरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. मंडला, बालाघाट व बिलासपूर परिसरातील बैगांचे जीवन त्यात साकल्याने आले आहे. नांगराने धरित्रीमातेचे उदर चिरणे हे बैगांना पाप वाटे. म्हणून ते झाडे तोडून जाळीत आणि राखेत बी पेरीत. या शेतीस बेवर म्हणत. इंग्रजी अमदानीत जंगले राखीव झाली आणि बेवरवर बंदी आली. १८९० साली मंडल्यातील एका लहानशा क्षेत्रापुरती, बैगाचकपुरती, ती मोकळी राहिली. ज्या अरण्याचे आपण रखवालदार आहोत असे बैगा मानीत, त्याच अरण्यात ते अपराधी ठरले. हे दुःख एल्विन यांनी जगापुढे मांडले. १९४४ साली हिवाळे यांच्यासमवेत त्यांनी मैकल परिसरातील लोकगीतांचा संग्रहही प्रकाशित केला.

बैगांसाठी संरक्षित प्रदेश असावा, या त्यांच्या सूचनेवर मोठे वादळ उठले. ठक्करबाप्पा व डॉ. गो. स. घुर्ये यांनी आदिवासींना समाजापासून अलग ठेवण्यास विरोध केला. पुढे एल्विन यांनीही आपली भूमिका सौम्य केली. त्यांच्या चरित्राला एक करुण बाजूही आहे. १९४० साली त्यांनी गोंड समाजातील कोसीबाईंशी विवाह केला, तो १९४९ साली मोडला आणि कोसीबाईंचे पुढील आयुष्य हलाखीत गेले. एका समाजाच्या अंतरंगात प्रवेश मिळवणाऱ्यावर केवढे उत्तरदायित्व येते, हे यावरून ध्यानी येते.

१९५४ साली ते भारताचे नागरिक झाले व ईशान्य सीमाप्रदेशाच्या प्रशासनाचे सल्लागार म्हणून कार्य करू लागले. १९६१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या आत्मचरित्रास मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

आज पर्यटक मुक्कीच्या फाटकातून सुखेनैव कान्हाच्या अरण्यात जातात. त्याच अरण्यातून बैगांची अनेक गावे मात्र उठविली गेली. वनहक्कांना कायद्याची मान्यता मिळण्यास २००६ साल उजाडावे लागले. अरण्य कोणासाठी खुले आणि कोणासाठी बंद, हा एल्विन यांचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. ग्रंथालयाचे दार सर्वांना खुले ठेवण्याचे व्रत ज्यांनी घेतले आहे, त्या आपल्यासारख्यांनी तरी तो विसरू नये.