व्हिक्टर व्हर्मोरेल

व्हिक्टर व्हर्मोरेल (इ.स. १८४८ - इ.स. १९२७) हे फ्रेंच कारखानदार, द्राक्षतज्ज्ञ व राजकारणी होते. पाठीवर अडकवून हाताने चालविण्याचा फवारणी पंप शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

जीवन

त्यांचा जन्म फ्रान्समध्ये झाला. व्हिलफ्रांश येथील वडिलांचा कारखाना त्यांनी पुढे वाढविला. १८७८ च्या सुमारास द्राक्षांवरील केवडा रोग फ्रान्समध्ये शिरला. त्यावर मिलार्दे यांनी १८८५ मध्ये मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण सुचविले. पण ते वेलींवर कुंच्याने शिंपडले जाई. काही पाने न्हाऊन निघत, काही कोरडीच राहत. औषध होते, ते सारखे पसरविण्याचे साधन नव्हते.

व्हर्मोरेल यांच्या 'एक्लेर' पंपाने ही उणीव भरून काढली. तांब्याची टाकी पाठीवर, दांडा एका हातात आणि फवारणीची नळी दुसऱ्या हातात, अशी त्याची रचना होती. त्याचे नोझल मात्र अमेरिकेतील कपाशीच्या अळीवरील संशोधनातून आलेले होते. रायली व बर्नार्ड यांच्या त्या नोझलमध्ये द्रव गोल फिरून बारीक तुषारांच्या रूपाने बाहेर पडे. चुन्याने बुजलेले छिद्र मोकळे करणारी पिन ही व्हर्मोरेल यांची भर होय.

१९०९ ते १९२० या काळात ते सिनेटचे सदस्य होते. प्येर व्हियाला यांच्यासह त्यांनी द्राक्षवाणांवरील सात खंडांचा ग्रंथ (१९०१-१९१०) सिद्ध केला. त्यांच्या कारखान्याने मोटारीही बनविल्या.

पंप व औषधाची मात्रा

वाशिम जिल्ह्यातील धनजच्या परिसरात कपाशी, तूर व सोयाबीनवर फवारणी करणाऱ्यांच्या पाठीवरील हातपंपाची मूळ रचना हीच आहे. एकरी किती औषध पडेल, हे नोझलचा प्रवाह, फवारणाऱ्याची चाल व फवाऱ्याची रुंदी यांवर ठरते. मिनिटाला ६० मीटर चाल, १ मीटर पट्टा व ६०० मिली प्रवाह असल्यास एकरी सुमारे ४० लिटर द्रावण लागते. छिद्र झिजून प्रवाह ७५० मिली झाला, तर तेच सुमारे ५० लिटर होते. औषध टाकीच्या हिशेबाने मिसळले जात असल्याने पिकावर सव्वापट विष पडते आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही. म्हणून हंगामाआधी साधे पाणी भरून, एका मिनिटात नोझलमधून पडणारे पाणी मापात मोजतात.