पाण्याची जोखीम आणि बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर महाडचे चवदार तळे येते, संविधान येते, नागपूरची दीक्षाभूमी येते. परंतु देशाच्या नद्यांचा विचार करणारे बाबासाहेब आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नाहीत. विहाराच्या वर्धापनदिनी तीच आठवण आम्ही सांगणार आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांना पाण्याची किंमत लहानपणीच कळली. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली ही पोरं मसूर स्टेशनवर उतरली. बैलगाडीच्या त्या प्रवासात त्यांना रात्रभर कुणी पाणी दिलं नाही. जवळ भाकरी होती, पण पाण्यावाचून ती घशाखाली उतरेना. पुढे २० मार्च १९२७ ला त्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यामागे ही तहानसुद्धा होती.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडेच होती. वर्षभरातच, जुलै १९४३ मध्ये, दामोदर नदीने बांध फोडला. गावेच्या गावे पाण्याखाली गेली, कलकत्त्याकडे जाणारी रेल्वे तुटली. वर महायुद्ध चालू आणि बंगालात दुष्काळ. आता करायचे काय?

जुना उपाय म्हणजे बांध आणखी उंच करणे. खर्च कमी, काम लवकर. पण बांध फुटला की पुन्हा तेच! ३ जानेवारी १९४५ च्या कलकत्त्याच्या बैठकीत बाबासाहेबांनी वेगळी दिशा धरली. एकच नदी, तिचे एकच नियोजन, आणि त्यातून पूरनियंत्रण, शेतीला पाणी, वीज व जलवाहतूक असे सगळे साधायचे. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला ओरिसाच्या नद्यांबद्दल बोलतानाही त्यांचा मुद्दा तोच होता. पुराचे पाणी म्हणजे निव्वळ संकट नव्हे. माणूस जास्त पाण्यापेक्षा पाण्याच्या टंचाईनेच अधिक गांजतो. म्हणून पाणी समुद्रात ढकलू नका, साठवा.

खरी अडचण पुढेच होती. उद्याचा पूर केवढा येईल, हे आज कोण सांगणार? दामोदरला तोवर दिसलेला मोठा पूर सुमारे साडेसहा लाख क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी. अमेरिकेच्या टेनेसी खोऱ्यातून आलेले अभियंता वुर्डुइन यांनी १९४५ च्या आराखड्यात दहा लाख क्युसेकचा पूर धरला. पाहिलेल्या संकटापेक्षा मोठ्या संकटाची तयारी ठेवायची, हा त्यातला शहाणपणा. दुसरा पेच जलाशयाचा. वीज आणि शेतीसाठी तो भरलेला हवा, पुरासाठी रिकामा हवा. किती भरायचा, हे पाऊस पडण्याआधीच ठरवावे लागते!

असे निर्णय अंदाजावर सोडता येत नाहीत, त्याला जाणती यंत्रणा लागते. १९४५ मध्ये मजूर खात्याखाली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला, तो याचसाठी. अ. ना. खोसला त्याचे पहिले अध्यक्ष. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ते पद सोडले. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ झाले, आणि १३ जानेवारी १९५७ ला हिराकुडचे उद्घाटन झाले. ते पाहायला बाबासाहेब नव्हते. ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचे महापरिनिर्वाण झाले होते.

हे सगळं एकट्या बाबासाहेबांनी केलं, असं आम्ही म्हणत नाही. अभियंते होते, प्रांतांची सरकारे होती. पुढे सगळे आराखड्याप्रमाणे झालेही नाही. दामोदर खोऱ्यात १९५३ ते १९५९ या काळात तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चारच धरणे उभी राहिली. १९७८ साली खालच्या भागात पुन्हा मोठा पूर आला. धरणांखाली ज्यांची गावं गेली त्यांत आदिवासी पुष्कळ होते, त्यांचं दुःखही विसरून चालणार नाही. जोखीम कुणी उचलायची आणि लाभ कुणाला मिळायचा, हा प्रश्न आजही उभाच आहे.

ज्या मुलाला घोटभर पाणी नाकारलं गेलं, त्यानेच मोठेपणी साऱ्या देशाच्या पाण्याची काळजी वाहिली. बंधू-भगिनींनो, विहारात वंदनेला बसताना आपण एवढी आठवण ठेवली तरी पुष्कळ झाले.

जय भीम!