ॲलेक रीव्ह्ज

ॲलेक हार्ली रीव्ह्ज (१० मार्च, इ.स. १९०२ – १३ ऑक्टोबर, इ.स. १९७१) हे ब्रिटिश दूरसंचार अभियंते होते. आवाजाचे अंकांत रूपांतर करून ते अंक विद्युत् स्पंदांच्या रूपाने पाठविण्याची पल्स कोड मॉड्युलेशन, संक्षेपाने पीसीएम, ही पद्धत त्यांनी इ.स. १९३७ च्या सुमारास स्वतंत्रपणे शोधली. कॉम्पॅक्ट डिस्क, संगणकात साठविलेली गाणी आणि इंटरनेटवरून घरी ऐकले जाणारे उच्च प्रतीचे संगीत यांच्या मुळाशी मुख्यतः हीच पद्धत आहे. मात्र पेटंट घेताना रीव्ह्ज यांच्यापुढे असलेला प्रश्न दूरध्वनीच्या तारेवरील खरखरीचा होता. दुसऱ्या महायुद्धात विमानांना लक्ष्यावर अचूक नेणाऱ्या ओबो या यंत्रणेची कल्पनाही त्यांचीच. युद्धानंतर प्रकाशाच्या साहाय्याने संदेशवहन करण्याच्या संशोधनाला त्यांनी चालना दिली.

सुरुवातीचे जीवन

रीव्ह्ज यांचा जन्म इंग्लंडच्या सरे परगण्यातील रेडहिल येथे झाला. रायगेट ग्रामर स्कूलमधील शिक्षणानंतर ते लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झाले व पुढील अभ्यास त्यांनी इंपीरियल कॉलेजात केला. इ.स. १९२३ मध्ये ते इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत नोकरीस लागले. अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी दूरध्वनी नेण्याचे प्रयत्न त्या काळी चालू होते आणि रीव्ह्ज त्या कामात होते. इ.स. १९२५ मध्ये ही कंपनी आयटीटी या अमेरिकी उद्योगसमूहाने विकत घेतली. काही वर्षांनी रीव्ह्ज यांची रवानगी समूहाच्या पॅरिस येथील प्रयोगशाळेत झाली. त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम याच शहरात झाले.

खरखरीचा प्रश्न

दूरध्वनीच्या तारेतून वाहणारा विद्युत् प्रवाह बोलणाऱ्याच्या आवाजाबरोबर कमीजास्त होत असतो. अंतर वाढले की हा प्रवाह क्षीण होतो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी तो वाढविणारी उपकरणे बसवावी लागतात. अडचण अशी की हे उपकरण आवाजाबरोबर वाटेत मिसळलेली खरखरही वाढविते आणि शिवाय स्वतःची थोडी भर घालते. दहाव्या उपकरणापर्यंत पोचलेल्या संदेशात आधीच्या नऊ टप्प्यांची खरखर साचलेली असते आणि ती पुढे वेगळी काढता येत नाही. ग्रामोफोनच्या तबकडीवरून फीत, फितीवरून दुसरी फीत अशा नकला करताना होणारी हानी याच जातीची होय.

रीव्ह्ज यांनी प्रथम अखंड प्रवाहाऐवजी तुटक स्पंद वापरून पाहिले. स्पंद किती लवकर वा उशिरा येतो यावरून आवाजाची तीव्रता ओळखायची, अशी ती योजना होती. खरखरीमुळे स्पंदाच्या कडा पुढेमागे सरकत आणि चूक शिल्लक राहतच असे. यातून त्यांच्या लक्षात आले की स्पंदाच्या आकारावर, उंचीवर किंवा वेळेवर काहीच सोपवू नये. समोर स्पंद आहे की नाही, एवढेच विचारावे. पुष्कळ खरखरीतूनही या प्रश्नाचे उत्तर बिनचूक देता येते, आणि उत्तर मिळाले की जुना मळलेला स्पंद टाकून देऊन त्या जागी कोरा करकरीत स्पंद पुढे पाठविता येतो. मग टप्पे दहा असोत वा शंभर, खरखर साचत नाही.

पीसीएम

यासाठी आवाज अंकांत मांडणे आवश्यक होते. रीव्ह्ज यांच्या योजनेत ध्वनिसंदेशाची उंची दर सेकंदाला हजारो वेळा मोजली जाते. प्रत्येक मोजमाप ठरावीक पायऱ्यांपैकी सर्वांत जवळच्या पायरीवर बसविले जाते आणि त्या पायरीचा क्रमांक द्विमान पद्धतीत, म्हणजे केवळ शून्य आणि एक यांत लिहिला जातो. एक म्हणजे स्पंद, शून्य म्हणजे स्पंदाचा अभाव. त्यांच्या पेटंटातील उदाहरणात पायऱ्या ३२ आहेत. ३२ क्रमांक लिहिण्यास पाच द्विमान अंक, म्हणजे पाच बिट, पुरतात. फ्रान्समधील पेटंट अर्ज ऑक्टोबर १९३८ मधील आहे आणि अमेरिकेतील पेटंट ३ फेब्रुवारी, इ.स. १९४२ रोजी मंजूर झाले.

पाच बिटांत बोलणे समजते, परंतु संगीत ऐकवत नाही. मोजमाप जवळच्या पायरीवर ढकलताना दर वेळी किंचित चूक होते आणि या चुका मिळून एक नवी, मंद खरखर तयार होते. वाटेतील खरखर टाळण्यासाठी रीव्ह्ज यांनी मोजणीच्या वेळची खरखर पत्करली. मात्र ही दुसरी खरखर एकदाच पत्करावी लागते आणि ती किती असावी हे आधी ठरविता येते, कारण प्रत्येक वाढीव बिटामागे ती सुमारे सहा डेसिबलने घटते. संपूर्ण अंकीय ध्वनितंत्र या एका सौद्यावर उभे आहे.

श्रेयाच्या बाबतीत एक गोष्ट नोंदविणे भाग आहे. अमेरिकेतील पॉल रेनी यांनी इ.स. १९२६ मध्येच चित्रे पाठविण्यासाठी पाच अंकी संकेताची योजना पेटंट केली होती. ती विस्मृतीत गेली आणि रीव्ह्ज यांना तिची माहिती नव्हती. मोजणी किती वेळा करावी याचा गणिती पाया हॅरी नाइक्विस्ट, व्लादिमीर कोतेलनिकोव्ह व पुढे क्लॉड शॅनन यांनी घातला. ध्वनीसाठी पीसीएमची संपूर्ण योजना प्रथम मांडण्याचे श्रेय मात्र सर्वसाधारणपणे रीव्ह्ज यांनाच दिले जाते.

ओबो

इ.स. १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसच्या दिशेने येऊ लागल्यावर रीव्ह्ज इंग्लंडला परतले आणि रडार व तत्सम उपकरणांवर संशोधन करणाऱ्या सरकारी केंद्रात रुजू झाले. ढगाळ हवेत वा रात्री बाँबफेकी विमानांना लक्ष्य सापडत नसे. टाकलेले बाँब कित्येक मैल दूर पडत. फ्रँक जोन्स यांच्यासह रीव्ह्ज यांनी यावर उपाय तयार केला. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील दोन केंद्रे स्पंद पाठवीत आणि विमानातील उपकरण ते परत फेकी. जाण्यायेण्यास लागलेल्या वेळेवरून विमानाचे अंतर कळे. एक केंद्र विमानाला ठरावीक अंतराच्या वर्तुळाकार मार्गावर ठेवी, दुसरे बाँब टाकण्याचा क्षण सांगे. मार्ग चुकल्यास वैमानिकाला कानात तुटक ठिपके किंवा रेघा ऐकू येत आणि मार्ग बरोबर असल्यास सलग सूर. हा सूर ओबो या सुषिरवाद्यासारखा वाटे, म्हणून यंत्रणेला ते नाव पडले.

२० डिसेंबर, इ.स. १९४२ रोजी नेदरलँड्समधील लुटराडे येथील मोहिमेत मॉस्किटो विमानांनी ओबोचा प्रथम वापर केला. दोन केंद्रांची एक जोडी एका वेळी एकच विमान हाताळू शके. त्यामुळे ओबोधारी विमान रंगीत प्रकाशाच्या खुणा टाकी आणि मागून येणारी शेकडो विमाने त्या खुणांवर बाँब टाकीत. रीव्ह्ज यांचा मनोमन कल युद्धाविरुद्ध होता आणि अचूकतेमुळे निरपराध माणसे कमी मरतील, असा विचार या कामामागे होता असे सांगितले जाते. इ.स. १९४३ च्या वसंतात ऱ्हूर खोऱ्यातील एसेनसारख्या औद्योगिक शहरांवर झालेल्या हल्ल्यांत मात्र खुणा अचूक पडल्या, पण हल्ले शहरांच्या विस्तीर्ण भागांवर झाले आणि नागरिकांची जीवितहानी प्रचंड झाली. यंत्राची अचूकता ते वापरणाऱ्यांच्या धोरणावर बंधन घालू शकली नाही. एप्रिल-मे १९४५ मध्ये उपासमार होत असलेल्या नेदरलँड्सवर विमानांतून अन्नाची पोती टाकण्यात आली, तेव्हा ती कोठे टाकावीत याच्या खुणाही ओबोधारी विमानांनी केल्या.

पीसीएमचे तत्त्व याच युद्धात अमेरिकेने वापरले. बेल प्रयोगशाळेत बनलेल्या सिगसॅली या गुप्त दूरध्वनी यंत्रणेत आवाजाची मोजमापे अंकांत मांडून मग सांकेतिक केली जात. लंडन आणि वॉशिंग्टनमधील वरिष्ठ मंडळी इ.स. १९४३ पासून तिच्यावर बोलत. तिचे एकेक स्थानक खोलीभर कपाटांचे होते.

पेटंटची मुदत

सिगसॅलीचा हा आकारच पीसीएमच्या रखडण्याचे कारण सांगतो. आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजायचा तर त्यासाठी त्या काळी निर्वात नलिकांचा मोठा संच लागे. तो खर्चिक होता, तापत असे आणि वारंवार बिघडे. इ.स. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला, पण तो स्वस्त व भरवशाचा होण्यास आणखी दशकभर लागले. बेल कंपनीची टी-१ ही पहिली मोठी व्यापारी पीसीएम दूरध्वनी यंत्रणा शिकागो परिसरात सुरू झाली ती इ.स. १९६२ मध्ये. अमेरिकी पेटंटाची सतरा वर्षांची मुदत इ.स. १९५९ मध्येच संपली होती. जगभरच्या दूरध्वनी यंत्रणा पुढे ज्या तत्त्वावर उभ्या राहिल्या, त्याचा आर्थिक लाभ शोधकाच्या वाट्याला जवळजवळ आलाच नाही.

मान्यता उशिरा, पण त्यांच्या हयातीत मिळाली. अमेरिकेच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने इ.स. १९६५ मध्ये त्यांना स्टुअर्ट बॅलन्टाइन पदक दिले. इ.स. १९६९ मध्ये ते सीबीई या ब्रिटिश किताबाचे मानकरी झाले आणि त्याच वर्षी ब्रिटिश टपाल खात्याने पीसीएमवर तिकीट काढले.

प्रकाशीय तंतू

युद्धानंतर रीव्ह्ज स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीज या संस्थेत काम करू लागले. ही संस्था प्रथम एनफील्ड व नंतर हार्लो येथे होती. पीसीएमला एक मोठी किंमत मोजावी लागते: तोच आवाज अंकांत पाठविण्यास कितीतरी अधिक क्षमतेची वाहिनी लागते. ही क्षमता प्रकाशातून मिळेल, असे रीव्ह्ज यांनी लेसर येण्याच्या सुमारासच ओळखले आणि संस्थेत त्या दिशेचे संशोधन सुरू करविले. याच संस्थेतील चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी इ.स. १९६६ मध्ये दाखवून दिले की काच पुरेशी शुद्ध केल्यास तिच्या तंतूतून प्रकाश कित्येक किलोमीटर नेता येईल. काओ यांना या कामाबद्दल इ.स. २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रीव्ह्ज यांची कल्पनाशक्ती प्रयोगशाळेपुरती मर्यादित नव्हती. अतींद्रिय अनुभवांवर त्यांचा विश्वास होता आणि त्यांचा अभ्यास ते गांभीर्याने करीत; सहकाऱ्यांपैकी अनेकांना हे पटत नसे. फावला वेळ ते तरुणांच्या संस्थांना आणि तुरुंगातून सुटलेल्या लोकांच्या पुनर्वसनाला देत. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःची छोटी संशोधन कंपनी काढली होती. इ.स. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले.

घरातील संगीत आणि पीसीएम

जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने इ.स. १९६७ मध्ये पीसीएम पद्धतीचे ध्वनिमुद्रण यंत्र तयार केले होते. अशा मुद्रणावरून केलेल्या पहिल्या व्यापारी तबकड्या निप्पॉन कोलंबिया कंपनीने रीव्ह्ज यांच्या निधनाच्या वर्षीच विक्रीस आणल्या. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली आणि पीसीएमने घरात प्रवेश केला.

कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनीची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. माणसाला ऐकू येणाऱ्या सर्वांत उंच, म्हणजे सुमारे २०,००० हर्ट्झच्या, स्वरासाठी त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणे गरजेचे असते, म्हणून हा आकडा. प्रत्येक मोजमापास १६ बिट दिलेले असतात. रीव्ह्ज यांच्या ३२ पायऱ्यांच्या जागी येथे ६५,५३६ पायऱ्या आहेत. सर्वांत मोठा ध्वनी आणि मोजणीची खरखर यांतील अंतर त्यामुळे सुमारे ९६ डेसिबल होते. दोन्ही बाजूंचे मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट लागतात.

सुरुवातीच्या इंटरनेट जोडण्यांना एवढा प्रवाह पेलणारा नव्हता. एमपी३ सारख्या पद्धती कानाला सहसा न जाणवणारा भाग कायमचा टाकून देऊन हा प्रवाह दहाव्या हिश्श्याच्या आसपास आणतात. इ.स. २००१ मध्ये आलेली फ्लॅक पद्धत काहीही टाकून देत नाही. तिची फाइल उलगडली की मूळ पीसीएम अंक जसेच्या तसे परत मिळतात. उच्च प्रतीचे संगीत पुरविणाऱ्या आजच्या सेवा याच प्रकारच्या फाइली वापरतात, आणि त्यांत २४ बिटांची व सेकंदाला १,९२,००० पर्यंत मोजणीची ध्वनिमुद्रणेही असतात. बिट वाढविल्याने खरखर आणखी खाली जाते. मोजणीची संख्या वाढविल्याने मुख्यतः कानाच्या कक्षेबाहेरचे स्वर नोंदले जातात. त्यामुळे १६ वरून २४ बिटांवर जाण्याचा लाभ ध्वनिमुद्रण करणाऱ्यास जितका होतो, तितका घरी ऐकणाऱ्यास होत नाही.

घरातील यंत्रात शेवटी अंकांचे पुन्हा विद्युत् प्रवाहात रूपांतर करणारे उपकरण असते, त्याला डॅक म्हणतात. त्यातून पायऱ्यापायऱ्यांचा खडबडीत आवाज बाहेर पडतो, हा समज चुकीचा आहे. मोजमापांमधून जाणारी गुळगुळीत रेषा गाळणीच्या साहाय्याने पुन्हा उभी केली जाते आणि ऐकू येणाऱ्या कक्षेत ती मूळ ध्वनीशी मोजणीच्या अचूकतेइतकी जुळते. डॅकपर्यंतच्या प्रवासात अंक बिनचूक पोचले, तर वाटेतील तार महाग होती की स्वस्त याने त्या अंकांत बदल होत नाही. आवाजात फरक पडतो तो डॅकमधील घड्याळाच्या नियमितपणामुळे, त्यापुढील ॲम्प्लिफायरमुळे आणि सर्वांत अधिक ध्वनिक्षेपक व खोली यांमुळे. या शेवटच्या टप्प्यावर प्रवाह पुन्हा अखंड झालेला असतो आणि येथे मिसळलेली खरखर पीसीएमला काढून टाकता येत नाही.