सर वॉल्टर स्कॉट आणि त्यांचे मुके सोबती

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपले लक्ष बहुधा त्यांच्या ग्रंथांकडे, पराक्रमाकडे किंवा मानसन्मानांकडे जाते. ते आपल्या घरच्या माणसांशी, चाकरांशी आणि दारच्या मुक्या प्राण्यांशी कसे वागत, हे पाहण्याचे आपण विसरतो. वस्तुतः मनुष्याची खरी पारख तेथेच होते. ‘आयव्हॅन्हो’ ह्या कादंबरीचे कर्ते म्हणून सर वॉल्टर स्कॉट ह्यांचे नाव आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. परंतु हेच गृहस्थ एका पायाने अधू असता कोसच्या कोस माळरानांतून व वनांतून पायी हिंडत, आणि त्या हिंडण्यात कुत्रा हा त्यांचा नित्याचा सोबती असे, हे फार थोड्यांस माहीत असेल. म्हणून त्यांचे चरित्र आज ह्या बाजूने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

स्कॉट ह्यांचा जन्म १५ ऑगस्ट १७७१ रोजी स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथे झाला. वडील वकिलीच्या धंद्यात होते. आई एका वैद्यकाच्या प्राध्यापकाची कन्या होती. मूल दीड वर्षाचे असताना त्यास ताप आला आणि तो उतरल्यावर उजव्या पायातील शक्ती गेली, असे दिसून आले. आज ज्यास आपण पोलिओ म्हणतो तोच हा विकार असावा, असे मानले जाते. शहरच्या वैद्यांचे उपाय थकले, तेव्हा मोकळ्या हवेसाठी मुलास आजोबांच्या सँडीनो नावाच्या शेतावर पाठविण्यात आले. तेथे हवा स्वच्छ असली म्हणजे मेंढपाळ ह्या लंगड्या बालकास उचलून माळावर नेई व मेंढरांच्या शेजारी गवतावर ठेवी. कळपाजवळ जाण्याच्या ओढीने ते मूल प्रथम रांगू लागले, मग उभे राहिले आणि अखेर लंगडत का होईना, चालू व धावू लागले. संध्याकाळी जेनी आत्या त्यास जुन्या वीरांची गाणी ऐकवी. अशा रीतीने पायांस बळ आणि मनास खाद्य ही दोन्ही त्यास माळावरच मिळाली.

पुढे एडिंबरोच्या हायस्कुलात व विद्यापीठात शिक्षण होऊन १७९२ साली ते वकील झाले. पाय जन्मभर लंगडाच राहिला. तथापि त्याचे निमित्त सांगून ते कधी घरी बसले नाहीत. तरुणपणी दिवसाकाठी वीस-वीस मैल चालण्याची त्यांची तयारी असे. सुट्टी मिळाली की ते सरहद्दीवरील डोंगराळ मुलखात जात आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडची जुनी गाणी उतरून घेत. हाच संग्रह १८०२ व १८०३ साली प्रसिद्ध झाला. जे पाय चालणार नाहीत असे वाटले होते, त्याच पायांनी त्यांस कीर्तीच्या दारी आणून सोडले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

१७९९ साली ते सेलकर्क परगण्याचे शेरीफ झाले व १८०४ पासून ट्वीड नदीकाठी अ‍ॅशेस्टील येथे राहू लागले. पहाटे उठून न्याहारीपूर्वी बरेचसे लेखन उरकावयाचे आणि दुपारनंतर रानात जावयाचे, असा त्यांचा क्रम असे. ह्या वेळचा त्यांचा सोबती म्हणजे कँप नावाचा टेरियर जातीचा कुत्रा. तो इतका समजूतदार होता की त्याच्याशी ते माणसाप्रमाणे बोलत. म्हातारपणी कँपला धन्याबरोबर फिरावयास जाणे झेपेना. तेव्हा संध्याकाळी चाकर त्यास सांगे, की धनी आज नदीच्या उताराने येत आहेत, किंवा डोंगराच्या वाटेने येत आहेत. त्याप्रमाणे तो बरोबर पुढच्या अगर मागच्या दाराशी जाऊन त्यांची वाट पाहत बसे. ही हकिगत स्कॉट ह्यांचे जावई व चरित्रकार लॉकहार्ट ह्यांनी नमूद केली आहे. १८०९ साली कँप मरण पावला, तेव्हा एडिंबरोच्या घरामागील बागेत, ज्या खिडकीशी बसून ते लिहीत तिच्यासमोरच, चांदण्यात त्यास पुरण्यात आले. त्या रात्री त्यांस एका ठिकाणी मेजवानीचे आमंत्रण होते. एका प्रिय जुन्या मित्राच्या मृत्यूमुळे येता येत नाही, असे त्यांनी कळविले. त्यात त्यांस काहीच अतिशयोक्ती वाटली नाही.

अ‍ॅशेस्टील येथेच टॉम पर्डी हा मनुष्य त्यांच्या पदरी आला. चोरून शिकार केल्याच्या आरोपावरून त्यास शेरीफसाहेबांपुढे उभे करण्यात आले होते. त्याने आपली गरिबी व कुटुंबाचे हाल सरळपणे सांगितले. स्कॉट ह्यांनी त्यास शिक्षा न करता मेंढपाळाचे काम दिले. तोच पुढे त्यांच्या वनाचा विश्वासू रखवालदार झाला आणि १८२९ साली मरेपर्यंत त्यांच्याजवळ राहिला. उत्तरवयात रानात चालताना स्कॉट त्याच्याच खांद्यावर हात टेकीत.

१८११ साली त्यांनी ट्वीडच्या काठी सुमारे एकशे दहा एकरांचे एक उजाड शेत विकत घेतले व त्यास अ‍ॅबट्सफर्ड असे नाव दिले. जमिनीवर झाडाचा आडोसा जवळजवळ नव्हताच. स्कॉट ह्यांनी ओक, बर्च, लार्च इत्यादी वृक्ष लावण्याचा सपाटा चालविला. स्वतः कुऱ्हाड घेऊन ते टॉमबरोबर फांद्या छाटीत, नव्या पाऊलवाटा आखीत आणि ओढ्याकाठी बसावयास जागा करीत. काही वर्षांत तेथे वन उभे राहिले. त्यातून निघालेल्या वाटा वर हेदरच्या माळापर्यंत आणि कॉल्डशील्स तळ्यापर्यंत जात. ह्या वाटांवर त्यांच्यापुढे मेडा नावाचा प्रचंड शिकारी कुत्रा चाले. १८१७ साली अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग त्यांच्याकडे पाहुणे होते. त्यांनी वर्णिले आहे की लहान कुत्री मेडाच्या अंगावर उड्या मारीत, कान ओढीत, तरी तो वयस्क गृहस्थाप्रमाणे गंभीरपणे चालत राही. फारच झाले म्हणजे एखाद्यास हळूच लोळवी व मग धन्याकडे ओशाळून पाही. आपण समोर नसलो म्हणजे हाही पोरांसारखा खेळत असेल, अशी स्कॉट थट्टा करीत. १८२४ साली मेडा मरण पावला; दाराशी असलेल्या त्याच्या दगडी मूर्तीखाली त्यांनी लॅटिन लेख कोरविला.

परंतु ह्या सुखात एक दोष लपलेला होता, तो सांगणे आमचे कर्तव्य आहे. जमीन घेण्याचा व वाडा वाढविण्याचा त्यांस अनावर मोह होता. न लिहिलेल्या पुस्तकांच्या भरवशावर पैसा उचलला जाई. शिवाय एका छापखान्यात ते गुप्त भागीदार होते. जानेवारी १८२६ मध्ये त्यांचे प्रकाशक व तो छापखाना ही दोन्ही बुडाली आणि सुमारे एक लाख वीस हजार पौंडांचे ऋण पंचावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यांच्या शिरी आले. संकटाची चाहूल लागली तेव्हा त्यांनी रोजनिशीत जे लिहून ठेवले आहे, ते वाचून मन द्रवते. वाडा व जमीन जाण्याच्या दुःखाहून आपली कुत्री परक्याच्या हाती जातील, दाराशी आपली वाट पाहत बसतील आणि आपण येणार नाही, हा विचार त्यांस अधिक झोंबला.

दिवाळे काढून मोकळे होण्याचा मार्ग त्यांस खुला होता. तो त्यांनी पत्करिला नाही. पै न पै आपल्या लेखणीने फेडीन, एवढी मुदत मात्र द्या, असे त्यांनी सावकारांस कळविले. एडिंबरोचे घर विकले गेले. अ‍ॅबट्सफर्ड येथे राहण्याची मोकळीक मिळाली आणि मुक्या सोबत्यांचा वियोग टळला. त्याच वर्षी मे महिन्यात पत्नी निवर्तली. तरीही लेखणी थांबली नाही. नेपोलियनचे नऊ खंडांचे चरित्र व अनेक कादंबऱ्या लिहून दोन वर्षांत जवळजवळ चाळीस हजार पौंडांची फेड त्यांनी केली. अतिश्रमाने १८३० पासून अर्धांगाचे झटके येऊ लागले. हवापालटासाठी ते माल्टा व इटली येथे गेले. पण मन घरी ओढत होते. जुलै १८३२ मध्ये त्यांस अ‍ॅबट्सफर्डला परत आणले, तेव्हा कुत्री खुर्चीभोवती गोळा झाली व हात चाटू लागली. बोलण्याचे त्राण नसलेले स्कॉट कधी हसत, कधी हुंदके देत त्यांस कुरवाळीत राहिले. २१ सप्टेंबर १८३२ रोजी त्यांचा अंत झाला. उरलेले ऋण त्यांच्या विम्याच्या रकमेतून व पुढे ग्रंथांच्या हक्कांच्या विक्रीतून पूर्णपणे फिटले.

आमच्या प्रांताशी ह्या मुलखाचा एक संबंध आहे. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन ह्यांचा जन्म १८०४ साली अ‍ॅबट्सफर्डपासून थोड्याच मैलांवर असलेल्या लॉडर ह्या गावी झाला. आणि ज्या १८३२ साली स्कॉट निवर्तले, त्याच साली विल्सन ह्यांच्या विद्यालयाचा मुंबईत आरंभ झाला.

एडिंबरो शहरात १८४६ साली स्कॉट ह्यांच्या भव्य स्मारकाचा अनावरणसमारंभ झाला. त्यातील संगमरवरी पुतळ्यात ते अंगावर शाल घेऊन बसलेले आहेत आणि त्यांच्या बाजूस मेडा आहे. राजे, सरदार, विद्वान अशी थोर मंडळी ज्यांच्या भेटीस उत्सुक असत, त्यांच्या शेजारी शिल्पकाराने कुत्र्यास बसविले, हे आम्हांस फार यथायोग्य वाटते. विद्यार्थिमित्रहो, पाय अधू असता जो चालत राहिला, त्यानेच पुढे ऋणाचा डोंगरही पायाखाली घातला. आणि ज्यास मुक्या जिवाचा विश्वास मोडवेना, त्यास सावकारांचा विश्वास तरी कसा मोडवेल? तुमच्या दाराशी एखादे कुत्रे तुमची वाट पाहत बसत असेल, तर शाळा सुटल्यावर त्यास घेऊन नदीकाठी अगर माळावर घटकाभर फिरून या. ह्या चरित्राचा पहिला धडा तेथेच मिळेल.