बहिणाबाई चौधरी

बहिणाबाई नथुजी चौधरी (जन्म : नागपंचमी, ऑगस्ट १८८०, असोदे, मृत्यू : ३ डिसेंबर १९५१, जळगाव) या मराठीतील एक श्रेष्ठ कवयित्री होत्या. खानदेशातील लेवा पाटीदार समाजाच्या लेवा गणबोलीत त्यांनी रचना केली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्या गाणी रचत व म्हणत. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव चौधरी आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जी उतरून घेतली, तीच गाणी आज उपलब्ध आहेत. त्यांच्या हयातीत एकही संग्रह प्रसिद्ध झाला नाही. आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह १९५२ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर निघाला.

सतराव्या शतकातील संत तुकारामांच्या शिष्या संत बहिणाबाई या वेगळ्या होत. नामसाम्यामुळे दोघींच्या बाबतीत अनेकदा गल्लत होते.

जन्म आणि माहेर

असोदे हे जळगावपासून सुमारे ६ किलोमीटर अंतरावरचे शेतकऱ्यांचे गाव. शहर वाढत गेल्यामुळे आज ते जळगावच्या परिसरातच मोडते. बहिणाबाईंच्या बालपणी मात्र ते काळ्या कसदार जमिनीतले, कपाशी आणि ज्वारी पिकवणारे स्वतंत्र खेडे होते. येथील महाजन घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव उखाजी आणि आईचे भिमाई. घमा, गना आणि घना हे तीन भाऊ आणि अहिल्या, सीता व तुळसा या तीन बहिणी असे हे भरलेले घर होते.

माहेर हा पुढे त्यांच्या काव्याचा मोठा विषय झाला. असोदे आणि जळगाव यांतले अंतर पायी दीड-दोन तासांत तुटण्याजोगे होते, पण सासुरवाशिणीच्या दृष्टीने माहेर किती दूर आहे हे कोसांत मोजता येत नाही. सणाला बोलावणे यावे आणि सासरच्यांनी पाठवावे, तेव्हाच ती वाट पायाखाली येई. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखजी म्हणतात. या सणाला लेकी माहेरी येतात आणि झाडांना झोके बांधले जातात. ‘आखजी’ या नावाची त्यांची एक रचनाच आहे.

विवाह आणि वैधव्य

वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना काशी ही मुलगी आणि ओंकार व सोपान हे दोन मुलगे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी प्लेगच्या साथींनी महाराष्ट्रातली गावेच्या गावे माळावर झोपड्यांत नेऊन बसवली. त्या रोगाने ओंकार यांना कायमचे पंगुत्व आले.

बहिणाबाई सुमारे तीस वर्षांच्या असताना नथुजींचे निधन झाले. धाकटे सोपानदेव १९०७ सालचे, म्हणजे तेव्हा अगदी लहान होते. त्या काळी विधवा स्त्रीच्या वाट्याला घरकाम येई, शेतकाम येई, पण शब्दाला वजन येत नसे. बहिणाबाईंनी शेत आणि मुले दोन्ही सांभाळली. या आघातावर त्यांनी रचलेले गाणे संग्रहात आहे. पुसलेले कुंकू आणि फुटलेल्या बांगड्या यांच्यापाशी ते रेंगाळत नाही. कुंकू गेले तरी कपाळ आणि बांगड्या गेल्या तरी मनगट शिल्लक आहे, या जाणिवेकडे ते वळते. कष्ट करणारे हात आपलेच आहेत, हा त्यातील आधार. दुःखाला उपदेशाची फोडणी न देता इतक्या कोरड्या डोळ्यांनी वैधव्याकडे पाहणारी कविता त्या काळच्या मराठीत विरळाच आढळते.

गाण्यांची घडण

घरोटावर, म्हणजे जात्यावर, दळताना ओवी म्हणण्याची रीत महाराष्ट्रभर होती. जात्याच्या फेऱ्याला गाण्याची लय जुळते, हात थकत नाहीत आणि एकटीला बोलायला कोणी नसले तरी बोलता येते. बहिणाबाईंच्या रचनेचे मूळ या रिवाजात आहे. त्यांच्या अनेक गाण्यांचे चरण आठ-आठ अक्षरांचे असून यमक जुळवलेले असते. ऐकताच पाठ व्हावे असे हे माप आहे. ज्या कवयित्रीला कागदाचा आधारच नव्हता, तिला ते सोयीचेच पडले असणार.

मात्र पारंपरिक ओवीत भाऊ, माहेर, देव हे ठरलेले विषय असतात आणि ओवी कोणा एकीची नसते. बहिणाबाई त्या चौकटीत राहिल्या नाहीत. त्यांनी पेरणी, कापणी, मळणी आणि उपननी अशी शेतीच्या वर्षाची सगळी कामे गाण्यात आणली. उपननी म्हणजे उपणणी. मळणीनंतर उंचावर उभे राहून सुपातून रास सोडली की भूस वाऱ्याने उडते आणि दाणे खाली पडतात. वारा पडला की खळ्यावरचे काम ठप्प होते. म्हणून त्यांच्या गाण्यातली वाऱ्याची आळवणी ही कविकल्पना नाही, ती कामाची निकड आहे. विहिरीवरच्या मोटेवर आणि बैलांच्या पोळ्यावरही त्यांची गाणी आहेत.

छापखाना शहरात आला तेव्हा त्यांनी त्याच्यावरही गाणे केले. कोरा कागद छापून शहाणा होतो, माणूस मात्र होता तसाच राहतो, असा त्यातला मिश्कील भाव आहे. स्वतः अक्षरशत्रू असलेल्या बाईने छापील विद्येला काढलेला हा चिमटा संग्रह वाचताना सहज नजरेतून सुटतो. त्यांच्या गंभीर गाण्यांचा बोलबाला इतका झाला की विनोदाकडे थोडे दुर्लक्षच झाले आहे.

जळगावातील कविसंमेलन आणि जळगावातील गाणी

जळगाव शहरात १९०७ साली पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. याच जिल्ह्यातील धरणगाव येथे जन्मलेले, तेव्हा किशोरवयीन असलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे यांनी तेथे कविता म्हटली आणि त्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळाले. त्या वर्षी बहिणाबाई सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि त्याच शहरात राहत होत्या. संमेलन आणि घरोट यांच्यामध्ये वाट नव्हती. शेतकऱ्याघरच्या बाईचे गाणे म्हणजे कविता, असे त्या मंडपात कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते, आणि बहुधा बहिणाबाईंच्याही मनात आले नसते.

बालकवी १९१८ साली भादली रेल्वे स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून गेले. त्यांची कविता तोवर महाराष्ट्रात पोहोचली होती. बहिणाबाईंची कविता पोहोचायला त्यानंतर आणखी चौतीस वर्षे लागली.

वही

सोपानदेव शाळेत असताना त्यांनी पाठ्यपुस्तकातील सावित्री-सत्यवानाची कथा आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आईने त्या कथेचे गाणे रचले होते. ते ऐकून सोपानदेवांनी तिची गाणी वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. पितांबर चौधरी यांनीही हे काम केले. या दोघांच्या वह्या नसत्या तर आज बहिणाबाई हे नाव असोदे-जळगावच्या पलीकडे कोणाला ठाऊक असते की नाही, याची शंकाच आहे.

त्याचबरोबर हेही खरे, की वहीत आले ते लिहिणारा जवळ असताना म्हटलेले. लेखणी हाती धरणारे मूल वाढेपर्यंतच्या काळात, आणि नंतरही कोणी जवळ नसताना, शेतावर व चुलीपाशी जे म्हटले गेले ते जागच्या जागी विरून गेले. उपलब्ध संग्रह वाचताना तो एका मोठ्या राशीतून हाती आलेला सूपभर भाग आहे, हे ध्यानात ठेवावे लागते.

बोललेले शब्द ऐकणाऱ्याने टिपून ठेवावेत आणि त्यातून मराठीतले मोठे पुस्तक उभे राहावे, असे खानदेशात आणखी एकदा घडले. विनोबा भावे यांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली आणि ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ तयार झाला. तेथे वक्ता प्रसिद्ध होता, श्रोते जमले होते आणि लिहून घेण्याचे मोल सर्वांना माहीत होते. जळगावच्या घरात यांपैकी काहीच नव्हते. एक मुलगा होता आणि त्याला आईचे गाणे आवडत होते.

प्रकाशन

सोपानदेव पुढे स्वतः कवी म्हणून नावारूपाला आले. ‘काव्यकेतकी’ हा त्यांचा संग्रह. मुलगा काव्यक्षेत्रात वावरत असतानाही आईची वही मात्र घरातच राहिली. बहिणाबाईंचे ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य प्र. के. अत्रे यांना ऐकवली. हे अस्सल सोने असून ते महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे हा अपराध ठरेल, अशा अर्थाची प्रतिक्रिया अत्रे यांनी दिली आणि संग्रहाला विस्तृत प्रस्तावना लिहिली. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ मध्ये प्रसिद्ध होताच मराठी वाचकांनी ती उचलून धरली. अत्रे यांच्या लेखणीचा दरारा त्या काळी मोठा होता, त्याचा फायदा झालाच. पण प्रस्तावनेच्या बळावर पुस्तक काही वर्षे चालते, पिढ्यान्‌पिढ्या तोंडी राहत नाही.

भाषा

लेवा गणबोलीत प्रमाण मराठीतील ‘ण’चा ‘न’ होतो. ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो, त्यामुळे ‘डोळे’चे ‘डोये’ आणि ‘काळा’चे ‘काया’ होते. ‘मला’, ‘तुला’ यांऐवजी ‘माले’, ‘तुले’ असे म्हणतात. सरस्वती ही ‘सरसोती’ होते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला पहिल्या काही ओळी अडखळत वाचाव्या लागतात, पण नाद एकदा कानात बसला की अर्थ आपोआप उलगडू लागतो.

या बोलीतील शब्द त्यांच्या कवितेत नेमक्या जागी येतात. ‘वढाय’ हा शब्द त्याचे उत्तम उदाहरण होय. किती हाकलले तरी पुन्हा पुन्हा उभ्या पिकाकडे धाव घेणारे ढोर म्हणजे वढाय. मनाच्या चंचलतेबद्दल संस्कृत आणि मराठी ग्रंथांत पुष्कळ लिहिले गेले आहे. बहिणाबाईंनी त्याच मनाला हे विशेषण लावले आणि राखणीला बसून हैराण झालेल्या शेतकऱ्याच्या अनुभवात ते आणून ठेवले. सुगरण पक्ष्याच्या खोप्यावरचे गाणेही असेच आहे. पिलांसाठी झाडाला जीव टांगून घर विणणाऱ्या त्या पाखराकडे रोज शेतात जाणारी बाईच इतक्या बारकाईने पाहू शकते.

‘निरक्षर निसर्गकन्या’ असे त्यांचे वर्णन वारंवार केले जाते. त्यात कौतुक असले तरी ते अपुरे आहे. एखाद्या गोष्टीला तिचे नाव केव्हा शोभते आणि केव्हा शोभत नाही, याची एकामागून एक उदाहरणे देत जाणारी त्यांची रचना पाहिली, तर विचाराची शिस्त स्पष्ट दिसते. योगी आणि सासुरवाशीण यांच्यातील संवादाचे गाणेही तसेच. सासरी राहून माहेरचे गोडवे गाणाऱ्या बाईला योगी खोचकपणे विचारतो, की मग सासरी राहतेसच कशाला? आपल्या लेकीला माहेर असावे म्हणून आई सासरी नांदते, असे उत्तर ती देते. प्रश्न विचारणाऱ्याची विद्या आणि उत्तर देणारीचे जगणे यांतला हा सामना आहे, आणि तो कोण जिंकते हे सांगण्याची गरज कवयित्रीला वाटत नाही.

प्रसार

अनंत माने दिग्दर्शित ‘मानिनी’ (१९६१) या चित्रपटात वसंत पवार यांच्या संगीतासह बहिणाबाईंची गाणी वापरली गेली. तेव्हापासून ती आकाशवाणीवरून घरोघरी पोहोचली. ज्यांनी पुस्तक कधी पाहिले नाही अशांनाही ती पाठ झाली. शालेय पाठ्यपुस्तकांतही त्यांच्या कविता समाविष्ट आहेत. अंजली पुरोहित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘गो टॉक टू द रिव्हर’ या नावाने २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

जळगाव येथे १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. २०१८ मध्ये या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात त्यांचे स्मृती संग्रहालय असून त्यांच्या वापरातील वस्तू तेथे जपून ठेवल्या आहेत.