जयप्रकाशांची चार वर्षे

११ ऑक्टोबर १९०२ रोजी जन्मलेले जयप्रकाश नारायण १९४२ मध्ये हजारीबाग तुरुंगाची भिंत ओलांडून निसटले होते. आणीबाणीत, जून १९७५ मध्ये, बहात्तराव्या वर्षी त्यांना पुन्हा अटक झाली. चंदीगडला नजरकैदेत प्रकृती ढासळली. नोव्हेंबरमध्ये सुटका होऊन ते मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आले, तेव्हा मूत्रपिंडे निकामी झाली होती. तेव्हापासून डायलिसिस कायमचे मागे लागले. त्याच अवस्थेत त्यांनी १९७७ मध्ये विरोधकांना एकत्र आणून सत्तांतर घडवले. मार्च १९७९ मध्ये त्यांच्या निधनाची चुकीची बातमी थेट लोकसभेत जाहीर झाली. त्यानंतरही ते सहा महिने जगले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले.

डायलिसिस म्हणजे शेवट नव्हे, हे त्यांच्या आयुष्यातून दिसते. पण ही वर्षे टिकवायची तर ताटाकडे लक्ष हवे. डायलिसिसपूर्वी प्रथिने कमी करायला सांगतात. सुरू झाल्यावर वाढवावी लागतात, कारण दर वेळी अमिनो आम्ले वाहून जातात. किलोमागे दररोज १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम प्रथिने लागतात. अनेक घरांत मात्र जुनेच पथ्य चालू राहते आणि रुग्ण खंगतो. अंगात साठलेल्या पाण्यामुळे वजनकाटा फसवतो. म्हणून डायलिसिसनंतरचे वजन, भूक, दंडाचा घेर आणि रक्तातील अल्ब्युमिन एकत्र पाहावे. मीठ, पाणी, पोटॅशियम व फॉस्फरसचे प्रमाण तपासणीनुसार ठरते. डायलिसिस सुरू झाले की आहारतज्ज्ञांकडून पथ्याचा कागद नव्याने लिहून घ्या.